पहिलटकरणीचं सिझर वेगळं मोजा: आरोग्य विभागाला खुले पत्र

प्रति,
माननीय सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य
प्रत: राज्यातल्या सर्व प्रसूतिगृहांचे चालक आणि रुग्णालयांचे अधीक्षक

विषय: पहिलटकरणींच्या सिझरची स्वतंत्र नोंद आणि प्रसूतिकक्षातलं मनुष्यबळ

महोदय,

सिझरच्या टक्केवारीवर दर दोन-चार वर्षांनी गदारोळ होतो, एखादं परिपत्रक निघतं आणि विषय मिटतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या सिझरचं प्रमाण २००५-०६ साली ८.५ टक्के होतं, २०१५-१६ मध्ये १७.२ आणि २०१९-२१ मध्ये २१.५ टक्के झालं. याच २०१९-२१ च्या पाहणीत महाराष्ट्र २५.४ टक्क्यांवर होता, गोवा ३९.५ वर आणि तेलंगणा ६०.७ वर. देशभरातल्या सरकारी दवाखान्यांत १४.३ टक्के, तर खासगीत ४७.४ टक्के. आकडे वाचून संताप येणं साहजिक आहे. पण या आकड्यांवरून आपण जो उपाय कराल, तो चुकण्याची शक्यता मोठी आहे, म्हणून हे पत्र.

सरसकट टक्केवारीवरून काहीच कळत नाही. जिल्ह्यातल्या सगळ्या अडलेल्या बायका ज्या वैद्यकीय महाविद्यालयात पाठवल्या जातात, तिथे ४० टक्के सिझर होणं रास्त असू शकतं. निरोगी, पूर्ण दिवसांच्या बायकाच येतात अशा गल्लीतल्या नर्सिंग होममध्ये २५ टक्केसुद्धा फार झाले. जागतिक आरोग्य संघटनेने १९८५ साली १० ते १५ टक्के ही मर्यादा सांगितली, तीही संपूर्ण लोकसंख्येसाठी. २०१५ साली तिनेच स्पष्ट केलं, की ठरावीक आकडा गाठण्यापेक्षा ज्या बाईला सिझरची गरज आहे तिला ते मिळालं पाहिजे, आणि रुग्णालयांची तुलना करायची तर रॉबसन वर्गीकरण वापरा.

हे वर्गीकरण अवघड नाही. बाईचं बाळंतपण कितवं, आधी सिझर झालंय का, बाळ एकच आहे का, डोकं खाली आहे का, ३७ आठवडे पूर्ण झालेत का, आणि कळा आपोआप आल्या की आणल्या, एवढ्या उत्तरांवर प्रत्येक बाई दहापैकी एकाच गटात बसते. सिस्टरला एका केसची नोंद करायला मिनिटभरही लागत नाही. पहिलटकरीण, एकच बाळ, डोकं खाली, ३७ आठवडे पूर्ण आणि कळा आपोआप आलेल्या, हा गट १. बाकी सगळं तेच, पण कळा औषधाने आणलेल्या किंवा कळांआधीच सिझर केलेलं, हा गट २. आधी सिझर झालेल्या, एकच बाळ, डोकं खाली आणि ३७ आठवडे पूर्ण, हा गट ५. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शिकेप्रमाणे गट १ मध्ये १० टक्क्यांच्या आत राहणं शक्य असतं, गट २ मध्ये २० ते ३५ टक्के अपेक्षित असतात, आणि गट १ मधल्या बायका गट २ पेक्षा निदान दुप्पट असाव्यात. हे शेवटचं गुणोत्तर आम्हाला सगळ्यात बोलकं वाटतं. एखाद्या ठिकाणी दोन्ही गट सारखेच भरले, तर तिथे कळांची वाटच पाहिली जात नाही.

पहिलटकरणीवर एवढा भर देण्याचं कारण पुढच्या बाळंतपणात आहे. आज गट १ किंवा २ मध्ये सिझर झालेली बाई दोन-तीन वर्षांनी बहुधा गट ५ मध्ये येते, आणि "एकदा सिझर म्हणजे कायमचं सिझर" या आपल्याकडच्या रिवाजाने तिचं दुसरंही सिझरच होतं. वास्तविक योग्य बाई निवडली, तर सिझरनंतर नॉर्मलचा प्रयत्न १०० पैकी ६० ते ८० जणींत यशस्वी होतो आणि टाका फाटण्याचा धोका हजारात ५ ते ९ असतो. पण तो प्रयत्न करायला तयार ओटी (शस्त्रक्रियागृह), रक्त आणि रात्रभर जागं राहणारं माणूस लागतं, आणि बहुतेक ठिकाणी हे तिन्ही नसतं. शिवाय प्रत्येक सिझरनंतर गर्भपिशवीवर व्रण राहतो. पुढच्या वेळी वार (बाळाला पोसणारा, नाळेने जोडलेला अवयव) खाली, त्या व्रणावर बसली, तर ती स्नायूत रुतण्याची भीती असते: आधी एक सिझर झालेलं असेल तर सुमारे ११ टक्के, दोन झालेली असतील तर सुमारे ४० टक्के. रुतलेली वार म्हणजे काही मिनिटांत लिटर-दोन लिटर रक्त आणि बहुतेकदा पिशवी काढणं. पहिल्या सिझरच्या संमतिपत्रावर यातलं अक्षरही नसतं.

आता हे पहिलं सिझर नेमकं कुठे ठरतं ते पाहू. ओटीत तर नाहीच. बऱ्याचदा ते दाखल करतानाच ठरून जातं.

पहिलटकरणीला कळा सुरू होतात, घरचे घाबरतात, गर्भपिशवीचं तोंड दोनच सेंटिमीटर उघडलेलं असताना ती येते आणि तिला बेड मिळतो. पिशवीचं तोंड पातळ होऊन पाच सेंटिमीटरपर्यंत उघडायला पहिल्या खेपेला पूर्ण दिवस लागू शकतो, आणि त्या टप्प्याला ठरावीक मुदतच नाही. तरी सहा तासांनी "प्रगती नाही" अशी नोंद होते. तासाला एक सेंटिमीटर हा हिशेब १९५५ सालच्या फ्रीडमन यांच्या आलेखातून आला, आणि अजून लेबर रूमच्या भिंतीवरून उतरलेला नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या शिफारशींप्रमाणे खऱ्या जोरदार कळांचा टप्पा पाच सेंटिमीटरपासून धरायचा, तर अमेरिकेतल्या प्रसूतितज्ज्ञांनी २०१४ सालीच तो सहापासून धरला. २०२० च्या डिसेंबरमध्ये आलेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या नव्या प्रसूती नोंदतक्त्यात पाच सेंटिमीटरवर ६ तास, सहावर ५, सातवर ३, आठवर अडीच आणि नऊवर २ तास थांबायची मुभा आहे. त्यापलीकडे गेलं की सावध व्हायचं, लगेच सुरी हातात घ्यायची नाही. तेव्हा चार सेंटिमीटरवर, पाणमोट (बाळाभोवतीचं पाण्याचं आवरण) शाबूत असताना, "पिशवीचं तोंड उघडत नाही" हे कारण लिहून सिझर झालेलं दिसलं, की त्या कागदाला प्रश्न विचारायला हवा.

दुसरा टप्पा कळा आणण्याचा. गर्भाशयाचं मुख कच्चं असताना, म्हणजे बिशप गुण (मुखाच्या तयारीचे गुण) ६ किंवा त्याहून कमी असताना, थेट सलाइनमधून ऑक्सिटोसिन (कळा आणणारं औषध) लावलं तर बाई दिवसभर कळा सोसते आणि तोंड तसूभरही हलत नाही. आधी मुख पिकवायचं असतं: डायनोप्रोस्टोन जेल अर्धा मिलिग्रॅम, लागलं तर सहा तासांनी पुन्हा, २४ तासांत तीनपेक्षा जास्त नाही, किंवा फोलीच्या नळीचा फुगा ३० ते ६० मिलिलिटर भरून, किंवा मिसोप्रोस्टॉल २५ मायक्रोग्रॅम तोंडाने, दर दोन तासांनी. २०० मायक्रोग्रॅमच्या गोळीचे ब्लेडने आठ तुकडे करण्याची पद्धत बंद व्हायला हवी. तुकडे सारखे होत नाहीत, आणि मोठा तुकडा गेला की पिशवी आवळून बसते. ऑक्सिटोसिनचंही तसंच. ५ युनिट ५०० मिलिलिटर आरएल सलाइनमध्ये घातलं, तर मिलिलिटरला २० थेंबांच्या सलाइन सेटवर मिनिटाला ४ थेंब म्हणजे २ मिलियुनिट. तिथून सुरुवात करून दर अर्ध्या तासाने वाढवायचं, आणि दहा मिनिटांत तीन-चार चांगल्या कळा मिळाल्या की तिथेच थांबायचं. दहा मिनिटांत पाचापेक्षा जास्त कळा येऊ लागल्या तर थेंब बंद, बाईला डाव्या कुशीवर वळवायचं. प्रत्यक्षात थेंब डोळ्यांनी मोजतात, बाई कूस बदलते, सेट मोकळा सुटतो, बाळाचे ठोके पडतात, आणि "बाळाला त्रास" म्हणून धावतपळत सिझर होतं. तो त्रास आपणच दिलेला असतो. इन्फ्युजन पंप (ठरलेल्या वेगाने औषध सोडणारं यंत्र) ही चैन नव्हे. कळा आणायचं सलाइन जिथे लावतात तिथे तो असलाच पाहिजे. आणि बाळ बाहेर येण्याआधी "कळांचं इंजेक्शन" कमरेत टोचणं तर गुन्हाच समजायला हवा, कारण दिलेला डोस परत काढून घेता येत नाही.

कळा आणण्याचा प्रयत्न फसला असं केव्हा म्हणायचं? पाणमोट फोडल्यानंतर ऑक्सिटोसिन निदान १२ ते १८ तास नीट देऊनही जोरदार कळांचा टप्पा गाठला नाही, तर; अर्थात आई आणि बाळ दोघं ठीक असतील तोवरच थांबायचं. पाणमोट फोडतानाही डोकं खाली टेकलेलं हवं. वर तरंगणाऱ्या डोक्यावर पाणमोट फोडली की नाळ खाली घसरू शकते, आणि मग सिझर खरोखरच मिनिटांवर येतं. इथे एक सांगितलं पाहिजे: कळा आणल्या म्हणजे सिझर वाढतंच, असं नाही. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या अराइव्ह चाचणीत कमी जोखमीच्या सहा हजारांवर पहिलटकरणी होत्या. ३९व्या आठवड्यात कळा आणलेल्या गटात सिझर १८.६ टक्के झालं, वाट पाहिलेल्या गटात २२.२ टक्के. पण तिथे मुख पिकवायला वेळ दिला जात होता. सकाळी जेल ठेवून संध्याकाळी सहाला भूलतज्ज्ञ निघायच्या आत निकाल लावायचा, या पद्धतीला त्या चाचणीचा दाखला चालत नाही.

सोनोग्राफीच्या रिपोर्टवरून ठरणारी सिझर हा वेगळाच प्रकार. "नाळ गळ्याभोवती आहे" हे वाक्य वाचून नातेवाईकच सिझर मागतात. दर चार-पाच बाळांमागे एकाच्या गळ्याभोवती नाळ असते, आणि डोकं बाहेर आल्यावर ती सहज सरकवता येते. रिपोर्टात हे वाक्य लिहायचीच गरज नाही, निदान ठळक अक्षरांत तरी नाही. "पाणी कमी" म्हणताना चारही कोपऱ्यांची बेरीज करण्याऐवजी सगळ्यात खोल कप्पा मोजावा. तो २ सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर पाणी कमी. बेरजेने जास्त बायकांवर "पाणी कमी"चा शिक्का बसतो, कळा आणणं वाढतं, बाळांचं मात्र त्याने काही भलं होत नाही. "बाळ मोठं आहे" म्हणताना शेवटच्या महिन्यातल्या वजनाच्या अंदाजात १० ते १५ टक्क्यांचा फरक पडू शकतो, हे धरावं लागतं. साडेतीन किलो लिहिलेलं बाळ तीन किलोचं निघतं. आणि दिवस भरताना डोकं वर असणं हे पहिलटकरणीतही एकट्याने सिझरचं कारण होत नाही. पुष्कळ जणींचं डोकं कळा सुरू झाल्यावरच खाली येतं.

पायाळू बाळाचं मात्र वेगळं. पूर्ण दिवसांच्या शंभरातली तीन-चार बाळं पायाळू असतात आणि पहिलटकरणीत आता जवळपास सगळ्यांचं सिझरच होतं. ३६ आठवड्यांनंतर पोटावरून हातांनी बाळ फिरवायचा प्रयत्न करता येतो, आणि पहिल्या खेपेला दहापैकी चार जणींत तो साधतो. राज्यातल्या किती रुग्णालयांत हा प्रयत्न होतो, याची नोंद तरी मागवा.

बाळाच्या ठोक्यांबद्दल. निरोगी बाईला दाखल होताक्षणी सीटीजी पट्टी (बाळाच्या ठोक्यांचा सतत आलेख काढणारं यंत्र) लावायची गरज नाही. तशी शिफारसही नाही. डॉपलरने दर १५ मिनिटांनी, कळेदरम्यान आणि कळ ओसरल्यावर निदान एक मिनिट ठोके ऐकायचे, जोर लावताना दर पाच मिनिटांनी. सतत पट्टी लावल्याने सिझर वाढतात, नवजाताचे झटके कमी होतात, पण बाळं दगावण्याचं किंवा मेंदूला इजा होण्याचं प्रमाण घटत नाही, असं एकत्रित अभ्यास सांगतात. पट्टी लोकप्रिय आहे, कारण ती माणसाची जागा घेते. दर १५ मिनिटांनी ठोके ऐकायला एका सिस्टरकडे दोनच बायका हव्यात. रात्रपाळीला एकीकडे सहा असतील तर पट्टीशिवाय इलाज नाही, आणि पट्टी दिसली की आलेखातली वळणं दिसणार, वळणं दिसली की भीती.

हात कौशल्य विसरला, असंही एक मोठं कारण आहे. तोंड पूर्ण उघडलं, डोकं खाली आलं, बाई जोर लावून थकली, अशा वेळी व्हॅक्यूमने (बाळाच्या डोक्यावर कप बसवून ओढण्याचं उपकरण) बाळ सुखरूप काढता येतं. डोकं पोटावरून एक पंचमांशापेक्षा जास्त लागता कामा नये, मूत्राशय रिकामं हवं, कप मागच्या टाळूच्या तीन सेंटिमीटर पुढे, मधल्या शिवणीवर बसवायचा, कडेला कुठे आईची त्वचा अडकली नाही ना ते बोट फिरवून बघायचं, दाब पाऱ्याच्या ६०० मिलिमीटरपर्यंत नेऊन कळेबरोबरच ओढायचं. तीन ओढींत डोकं सरकलं नाही, दोनदा कप सुटला किंवा २० मिनिटं झाली तर थांबायचं. नियम एवढेच, पण हे हातांनी शिकावं लागतं, आणि पदव्युत्तर शिक्षण संपवून बाहेर पडणाऱ्या पुष्कळ तरुण डॉक्टरांनी मोजकेच व्हॅक्यूम लावलेले असतात. मग पूर्ण उघडलेल्या अवस्थेत, डोकं कटिरात रुतलेलं असताना सिझर होतं. सिझरमधलं हे सगळ्यात वाईट: छेद बाजूला फाटतो, रक्त जास्त जातं, आणि पुढच्या खेपेला दिवसांआधी बाळंत होण्याचा धोका वाढतो. प्रत्येक विभागात पुतळ्यावर व्हॅक्यूमचा सराव सक्तीचा करा. याला फार पैसे लागत नाहीत.

नॉर्मलची बाजू मांडताना तिचे तोटे दडवणं आम्हाला मान्य नाही. पहिल्या बाळंतपणात शंभरात पाच-सहा जणींना गुदद्वाराच्या स्नायूपर्यंत फाटू शकतं. ते तिथेच ओळखून नीट शिवलं नाही, तर ती बाई कधी कधी आयुष्यभर वायू आणि शौच रोखू शकत नाही, आणि लाजेने बोलत नाही. लघवी गळण्याचं प्रमाणही सिझरपेक्षा नॉर्मलनंतर जास्त असतं. वार तोंडावर असेल, बाळ आडवं असेल, नाळ खाली आली असेल, पाच-सहा तास चांगल्या कळा असूनही डोकं अडलं असेल, तर सिझरला पर्याय नाही, आणि निर्णय झाल्यापासून अर्ध्या तासात बाळ बाहेर यायला हवं, अशी तातडी कधी कधी असते. गडचिरोली-नंदुरबारच्या दुर्गम भागात अडचण उलटी आहे. तिथे भूलतज्ज्ञ आणि रक्तसाठा नाही म्हणून हवं तेव्हा सिझर होत नाही. म्हणून आमची स्पष्ट विनंती आहे: टक्केवारीची कमाल मर्यादा घालू नका, डॉक्टरांना नोटिसा पाठवू नका. मर्यादा घातली की डॉक्टर अवघड केस पुढे ढकलतील आणि बाई रुग्णवाहिकेत बाळंत होईल.

सिझर मागणाऱ्या बायकांनाही दूषणं देऊ नका. कळांची धास्ती खरी आहे. एकट्याने, पाठीवर झोपवून, उपाशी, दरडावणाऱ्या आवाजात बारा तास काढायचे असतील तर कोणीही सुटका मागेल. शेजारी बसणारं हक्काचं माणूस असलं की सिझरचं प्रमाण साधारण पावपट कमी होतं, असं अनेक देशांतल्या चाचण्यांच्या एकत्रित अभ्यासात दिसलं आहे. केंद्र सरकारने सरकारी दवाखान्यांत सोबतिणीला २०१६ सालीच परवानगी दिली. पण दोन खाटांमध्ये पडदा नाही म्हणून ती दाराबाहेर बसते. पडदे लावा. बाईला चालू द्या, कुशीवर किंवा उकिडवं बसू द्या, पाणी-सरबत-पेज घेऊ द्या, दर दोन तासांनी लघवीला पाठवा. भरलेलं मूत्राशय डोकं वर अडवून धरतं. पोटावर कोपर ठेवून दाबणं ताबडतोब थांबवा. आणि कमरेतली वेदनाशामक भूल जिल्हा रुग्णालयांत तरी उपलब्ध करा. तिने सिझर वाढतात हा समज अभ्यासांत टिकलेला नाही. एवढं करूनही एखादीने समजून-उमजून सिझरच निवडलं तर तो तिचा हक्क आहे, फक्त ३९ आठवड्यांआधी नको. मुहूर्त ३७व्या आठवड्यातला निघाला म्हणून बाळाला श्वासाच्या त्रासाने काचपेटीत ठेवणं कोणत्याच पंचांगात बसत नाही.

आता मागण्या. राज्यात २०२१ च्या सुधारित नियमांप्रमाणे नर्सिंग होमना दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी लावावी लागते. त्याच फलकावर मागच्या वर्षातल्या गट १, २ आणि ५ मधल्या एकूण बायका आणि सिझर, एवढे सहा आकडे लावायला सांगा. सरकारी रुग्णालयांपासून सुरुवात करा. रात्री आठ ते सकाळी आठ या वेळातल्या सिझरचा रकाना सरकारी आरोग्य माहिती प्रणालीत आधीच आहे. तो जिल्हानिहाय प्रसिद्ध करा. दिवसा सिझर आणि रात्री नॉर्मल असं चित्र दिसलं, तर त्या ठिकाणी डॉक्टर आणि भूलतज्ज्ञ रात्री मिळतात का, हे आधी तपासा. पैशाचा प्रश्नही मोकळेपणाने घ्या: नॉर्मलसाठी डॉक्टरने बारा तास थांबायचं आणि सिझरसाठी पाऊण तास, आणि दर मात्र सिझरचा जास्त, हे उलटं गणित आहे. सरकारी योजना आणि विमा कंपन्यांशी बोलताना दोन्हींचा एकच दर ठरवा. आणि २०१८ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांतल्या १८ महिन्यांच्या प्रशिक्षणाने तयार होणाऱ्या प्रसूती-परिचारिकांची पदं राज्यात खरोखर भरा. तयार झालेल्या सिस्टरची बदली लसीकरणाला किंवा ओपीडीला करू नका.

एक काम असं आहे, ज्याला जीआरसुद्धा लागत नाही. पहिलं सिझर झालेल्या प्रत्येक बाईच्या डिस्चार्ज कार्डावर आज "एलएससीएस (म्हणजे सिझर), कारण बाळाला त्रास" एवढंच असतं. त्याऐवजी लिहा: रॉबसन गट कोणता, कळा आपोआप की आणलेल्या, सिझर ठरलं तेव्हा तोंड किती सेंटिमीटर होतं आणि डोकं किती खाली, पिशवीवरचा छेद आडवा की उभा, तो फाटला का, रक्त किती गेलं, आणि पुढच्या खेपेला नॉर्मलचा प्रयत्न करता येईल का, हो किंवा नाही, सहीनिशी. तीन वर्षांनी ती बाई दुसऱ्या गावात, दुसऱ्या डॉक्टरसमोर बसेल तेव्हा त्याच्या हातात एवढाच कागद असेल.

आपले,
प्रसूतिकक्षात काम करणारे डॉक्टर आणि परिचारिका